वारा कोणी झेलायचा

माझ्या पहिल्या ज्युनिअर सायकल शर्यतीत सहा किलोमीटरच्या अकरा फेऱ्या होत्या आणि त्यांपैकी जवळजवळ सात फेऱ्या मी घोळक्याच्या अगदी पुढे काढल्या. मान वळवून पाहिले की चाळीस-पन्नास मुली एका लांब ओळीत माझ्यामागे ओढल्या जाताना दिसत, आणि ही शर्यत आपणच चालवतो आहोत अशी माझी ठाम समजूत झाली होती. शेवटच्या फेरीची घंटा वाजली तेव्हा माझ्या दोन्ही बाजूंनी एकामागून एक चाके पुढे सरकू लागली. मी पेडलवर उभी राहिले, पण मांड्यांमध्ये काही शिल्लकच नव्हते. मी अठ्ठाविसावी आले. शर्यतीनंतर प्रशिक्षकांनी वेळ, वेग, क्रमांक यांपैकी काहीही विचारले नाही. त्यांनी एवढेच विचारले, "आज किती वेळ वारा अंगावर घेतलास?" मला त्या प्रश्नाचा अर्थच कळला नाही, कारण वारा ही मोजण्याची गोष्ट आहे हे तोवर मला कोणी सांगितले नव्हते.

आपण 'वारा खायला जातो' तेव्हा त्यात निवांतपणा असतो. रस्त्यावरच्या शर्यतीत मात्र वारा झेलावा लागतो आणि त्याची किंमत पायांना मोजावी लागते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्या रोधावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी ३६ किलोमीटरवरून ताशी ४० किलोमीटरवर जायचे तर वेग अवघा ११ टक्क्यांनी वाढतो, पण हवेशी झगडण्यासाठी सुमारे ३७ टक्के अधिक शक्ती लागते. दुसऱ्याच्या मागे, त्याच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर राहिले, तर यातला मोठा भार उतरतो. वायुगतिकीचे अभ्यासक बर्ट ब्लॉकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२१ सायकलस्वारांचा घोळका तपासला होता. त्यात मधल्या आणि मागच्या भागातल्या स्वारांना जाणवणारा हवेचा रोध एकट्याने जाणाऱ्या स्वाराच्या तुलनेत अवघा ५ ते १० टक्के इतका खाली आलेला आढळला. म्हणजे मी सात फेऱ्या ज्या मुलींना 'ओढत' होते, त्या जवळजवळ विश्रांती घेत माझ्यामागे येत होत्या.

मग पुढच्या शर्यतीत मी उलट टोक गाठले आणि घोळक्याच्या अगदी शेवटी जाऊन बसले. तिथे वारा नव्हता, पण दुसराच जाच होता. प्रत्येक वळणावर पुढच्या मुली थोडा ब्रेक लावतात, त्यांच्या मागच्या थोडा जास्त लावतात, आणि पन्नासाव्या क्रमांकावरची मुलगी जवळजवळ थांबते. तोवर पुढच्या वळण संपवून वेग घेत असतात, त्यामुळे शेवटच्या मुलीला प्रत्येक वळणानंतर नव्याने झेप घ्यावी लागते. एका फेरीत आठ वळणे असतील तर अकरा फेऱ्यांत अशा अठ्ठ्याऐंशी झेपा होतात. शिवाय घोळका पुढे कुठे फुटला, तर मागच्यांना ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो. आडोसा मिळावा आणि पुढे काय चालले आहे तेही दिसावे, अशी जागा साधारण आठव्या ते पंधराव्या क्रमांकाच्या दरम्यान असते. अडचण इतकीच की हे सगळ्यांनाच ठाऊक असते. त्या सात-आठ जागांसाठी चाळीस मुली धडपडत असतात आणि ज्युनिअर शर्यतीतला निम्मा घाम त्या धडपडीतच जातो.

ही जागा टिकवणे शिकायला मला बराच काळ लागला. आपले पुढचे चाक दुसरीच्या मागच्या चाकाच्या बाजूला सरकू द्यायचे नाही, ही त्यातली पहिली गोष्ट होती, कारण चाके एकमेकांना घासली तर पुढची बहुधा सावरते आणि मागची पडते. पुढचीच्या चाकाकडे टक लावून न पाहता तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहायचे, म्हणजे ब्रेक लागण्याआधीच हालचाल दिसते. कोपरे किंचित वाकलेली ठेवायची, म्हणजे कोणी धक्का दिला तरी तो कोपरात जिरतो आणि हँडलबारपर्यंत पोहोचत नाही. जागा गमावली तर लगेच परत मिळवायच्या मागे लागायचे नाही, घोळका चढावर किंवा वळणाआधी रुंद होतो तेव्हा ती कमी श्रमात परत मिळते. सांगायला हे सोपे आहे, पण ताशी ४५ किलोमीटर वेगात दोन्ही बाजूंना खांदे घासत असताना शरीर घाबरून ताठ होते आणि त्या ताठरपणामुळेच तोल जातो. मी दोनदा पडले. दुसऱ्या वेळी कोपराची कातडी गेली, आणि त्यानंतरचे तीन आठवडे कोणी जवळ आले की माझी बोटे आपोआप ब्रेकवर जात.

ज्या दोन वर्षांत वयाची १७ आणि १८ वर्षे पूर्ण होतात, ती ज्युनिअर गटाची वर्षे. माझी ती वर्षे २०२२ आणि २०२३ होती. गिअरची जुनी मर्यादा मी अनुभवली आणि ती उठल्यानंतरची शर्यतही मला मिळाली. २०२२ अखेरपर्यंत आंतरराष्ट्रीय नियमानुसार ज्युनिअर स्वाराच्या सायकलने पेडलच्या एका पूर्ण फेऱ्यात ७.९३ मीटरपेक्षा जास्त अंतर कापता कामा नये, असे बंधन होते. पुढे ५२ दातांचे आणि मागे १४ दातांचे चक्र असले की हे माप बसते. शर्यतीनंतर पंच सायकल एका रेघेवर उभी करत, सर्वांत मोठ्या गिअरवर पेडल एक फेरा फिरेपर्यंत ती मागे ढकलत आणि ७.९३ मीटरवरची मागची खूण ओलांडली गेली की निकाल रद्द होत असे. वाढत्या वयातल्या गुडघ्यांवर जड गिअरचा ताण येऊ नये आणि मुलांना पाय चपळ फिरवण्याची सवय लागावी, हा त्यामागचा विचार होता.

त्या मर्यादेने शर्यतीची चाल ठरत असे. मिनिटाला १२० फेरे म्हटले तर ७.९३ मीटरच्या गिअरवर ताशी ५७ किलोमीटरचा वेग निघतो, आणि त्याहून वेगाने जायचे तर पाय आणखी भराभर फिरवण्यावाचून गत्यंतर नसते. पाठीवर वारा असलेल्या उतारावर सगळ्यांचेच पाय भिरभिरत आणि तिथे निसटण्याचा प्रयत्न करण्यात काही हशील नसे. निसटायचे तर चढावर, वळणाच्या तोंडाशी किंवा समोरचा वारा असताना, म्हणजे इतरांना त्रास होत असताना. २०२३ पासून मर्यादा उठली आणि पहिल्या महिन्यातच उतारांवरून मुली सुटू लागल्या. मला व्यक्तिशः जुना नियम आवडत असे. त्याने माझे पाय हलके झाले, आणि ताकदीच्या जोरावर सुटण्याची वाट बंद असल्यामुळे डोके चालवणे भाग पडले.

वाऱ्याचा खरा धडा मात्र मला पहिल्या वर्षाच्या मध्यावर आडव्या वाऱ्याने दिला. तो रस्ता सपाट, मोकळा आणि दोन्ही बाजूंना उघडा होता. वारा डावीकडून येत होता. अशा वाऱ्यात पुढच्या मुलीच्या बरोबर मागे आडोसा मिळत नाही, तो तिच्या मागे आणि किंचित उजवीकडे मिळतो. त्यामुळे पहिली मुलगी रस्त्याच्या डाव्या टोकाला जाते, दुसरी तिच्या मागे उजवीकडे, तिसरी तिच्याही उजवीकडे, आणि रस्त्यावर एक तिरकी ओळ तयार होते. रस्त्याची रुंदी संपली की ती ओळही संपते. आठ मुलींपुरता रस्ता असेल तर नववीला आडोसा कुठेच नसतो. ती उजव्या कडेला, पांढऱ्या पट्ट्यावर, आठवीच्या बरोबर मागे चिकटून जाते, दहावी तिच्या मागे, आणि या कडेच्या रांगेतली प्रत्येक जण पूर्ण वारा झेलत असूनही पुढे एक इंचही सरकत नसते.

मी त्या दिवशी चौदावी होते. चौदावा क्रमांक ही उत्तम जागा, असे मी नुकतेच शिकले होते आणि त्या समजुतीवर निर्धास्त होते. रस्त्याने मोकळ्यावर वळण घेतले, पुढच्या आठ जणींनी तिरकी ओळ धरली आणि माझ्या डोळ्यांदेखत उजवी कड भरून गेली. माझे चाक पांढऱ्या पट्ट्यावर होते, पट्ट्यापलीकडे चार बोटे डांबर आणि मग खडी. पुढच्या मुलीच्या मागच्या टायरमधून उडणारी बारीक वाळू माझ्या दातांखाली येत होती. तिच्या पाठीवरच्या नंबरची एक टाचणी निघाली होती, आणि तो सुटा कोपरा इतक्या जोरात फडफडत होता की मला बाकी काही ऐकू येत नव्हते. अडीच-तीन किलोमीटर मी त्या फडफडणाऱ्या कोपऱ्याकडे पाहत राहिले. मग तिच्या आणि तिच्या पुढचीच्या मध्ये हातभर जागा पडली, मग एका सायकलभर, आणि आम्ही सगळ्या जणी एका झटक्यात शर्यतीबाहेर फेकल्या गेलो.

त्या वेळी करायचे काय होते, हे मला नंतर समजले. कडेला लटकत राहण्याऐवजी आमच्यापैकी कोणीतरी वाऱ्यात डावीकडे सरकून दुसरी तिरकी ओळ सुरू करायची होती. तसे करणारी मुलगी पहिला मिनिटभर सगळा वारा एकटी सोसते, पण तिच्यामागे सात-आठ जणींना आडोसा मिळतो आणि मग भार वाटला जातो. ओळ चालते तीही याच वाटणीवर. पुढची मुलगी आपला टर्न, म्हणजे पुढे राहून वारा झेलण्याची पाळी, संपला की वाऱ्याच्या बाजूला सरकते आणि हळूहळू मागे येते. ती मागे येत असताना पुढे जाणाऱ्या मुलींच्या अंगावरचा वारा तिच्या देहाने अडतो. म्हणजे थकून परतणारीही परतता परतता पुढच्यांना आडोसा देत असते. त्या दिवशी आम्ही बाराजणी कडेला होतो आणि बाराजणींपैकी एकीनेही वारा पत्करला नाही. प्रत्येकीला वाटत होते की तो दुसरीने पत्करावा.

वारा कोणी पत्करायचा, हाच प्रश्न घोळक्यातून सुटलेल्या छोट्या टोळीत अधिक धारदार होतो. ज्युनिअर शर्यतीत कानात रेडिओ नसतो. पुढे किती जणी आहेत, मागच्यांशी अंतर किती, हे मोटारसायकलवरच्या फलकावरून, रस्त्याकडेच्या प्रशिक्षकांच्या ओरडण्यातून आणि स्वतःच्या मोजणीतून कळते. मोजणी चुकली तर मोठ्या स्वारांचीही फसगत होते. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकच्या महिलांच्या रस्ता शर्यतीतही रेडिओ नव्हते. ऑस्ट्रियाची आना कीसेनहोफर सुरुवातीपासूनच पुढे निघून गेली होती, आणि तिच्यामागून दुसरी आलेल्या नेदरलँड्सच्या आनेमीक फान व्ल्यूतेनने आपणच जिंकलो असे समजून हात उंचावले. तेव्हापासून मी शर्यतीत माणसे मोजत असते, श्वास लागलेला असतानाही.

त्याच वर्षी बेल्जियममधल्या लूव्हेनमध्ये ज्युनिअर मुलींच्या जागतिक शर्यतीत ब्रिटनची झोई बॅकस्टेड आणि अमेरिकेची काया श्मिड या दोघीच पुढे राहिल्या आणि बॅकस्टेडने दोघींच्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे शेवटच्या वेगवान झेपेत, श्मिडला मागे टाकले. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियातल्या वुलोंगाँगला तीच बॅकस्टेड फार दुरून एकटी निघाली आणि दोन मिनिटांहून अधिक अंतराने जिंकली. मी या दोन शर्यती पुष्कळ वेळा पाहिल्या आहेत. दुसरीत तिला कोणाशीच वाटणी करावी लागली नाही, पण एवढे पाय फार थोड्या जणींना मिळतात. आम्हा बाकीच्यांच्या वाट्याला पहिली शर्यत येते, ज्यात शेजारच्या मुलीची गरजही असते आणि तिला हरवायचेही असते.

पहिल्या वर्षाच्या अखेरीस मीही अशीच एका मुलीबरोबर पुढे निघाले. शेवट १४ किलोमीटरवर होता आणि घोळका चाळीस सेकंद मागे. ती माझ्याहून ताकदवान होती, चढावर ते मला स्पष्ट जाणवले होते. स्प्रिंटमध्ये मात्र मी वेगवान होते, अर्थात तिथपर्यंत पाय शाबूत राहिले तर. दोन टर्न घेतल्यावर तिने कोपर हलवून मला पुढे येण्याची खूण केली आणि मी गेले नाही. मी एक पाय पेडलवर सैल सोडला, पोटरी चोळली आणि म्हणाले, "पेटका आलाय." ती मागे न पाहता म्हणाली, "बस मागेच. जमेल तेव्हा ये." पोटरीला काहीही झालेले नव्हते.

उरलेले अंतर तिने एकटीने काढले. मी तिच्या चाकामागे बसून तिच्या खांद्यांकडे पाहत होते. सुरुवातीला ते स्थिर होते, मग हळूहळू डोलू लागले, आणि शेवटच्या चढावर प्रत्येक पेडलबरोबर तिचे डोके खाली जात होते. मागे बसलेल्या स्वाराचा पुढच्यालाही थोडा फायदा होतो, दोन-तीन टक्क्यांच्या घरातला, हे मी तेव्हा वाचलेले होते आणि त्याच आकड्याने मी स्वतःची समजूत घालत होते. अखेरच्या सरळ रस्त्यावर समोरचा वारा होता. अशा वेळी स्प्रिंट उशिरा सुरू करायचा असतो, कारण लवकर निघालेली वाऱ्यात संपते. ती रस्ताभर इकडून तिकडे सरकली, वेग कमी केला, उजव्या खांद्यावरून मागे पाहिले. मी डावीकडे होते. तिने मान परत पुढे नेली त्या क्षणी, साधारण १५० मीटरवर, मी निघाले. त्या वर्षी गिअरची मर्यादा असल्याने दोघींचे सर्वांत मोठे गिअर सारखेच होते आणि ताज्या पायांपुढे तिचा निभाव लागणे शक्य नव्हते. बक्षीस समारंभाच्या वेळी तिने माझ्याकडे वळून विचारले, "पोटरी आता कशी आहे?" मी म्हणाले, "बरी आहे." आणि मला तिच्या काळजीने फार ओशाळल्यासारखे झाले.

या प्रसंगावर मी वर्षभर विचार केला आहे. आपली ताकद लपवणे हा या खेळाचा भाग आहे, आणि तो मला आजही गैर वाटत नाही. मागच्या घोळक्यात आपली सहकारी असेल तर पुढे टर्न न घेणे हेही रीतसर मानले जाते, आणि समोरच्या मुलीला ते कळत असते. पण जी मला वाऱ्यापासून वाचवत होती, तिला मी दुखण्याचे खोटे कारण दिले, आणि तिने माझ्या दुखण्याचा मान राखला. कोणत्याही नियमाचा भंग मी केला नव्हता. तरीही ती जिंकलेली शर्यत मी कोणाला आपणहून सांगत नाही.

ज्युनिअर मुलींचे जग लहान असते. दर रविवारी त्याच तीस-चाळीस जणी भेटतात आणि कोण कशी शर्यत करते हे सगळ्यांच्या लक्षात राहते. पुढच्या वर्षी आम्ही चौघी सुटलो होतो, अंतर पन्नास सेकंद, शेवट १८ किलोमीटरवर, आणि त्या चौघींत ती होती. मी टर्न घेऊन बाजूला झाले की ती पुढे येतच नसे, माझ्या मागच्या जागेवर बसून राही आणि तिसरीला मध्ये जायला लावी. तिचे पाय चांगले होते, हे तिच्या श्वासावरून कळत होते. चौघींचे काम अडीच जणी करू लागल्या आणि शेवटच्या दोन किलोमीटरच्या पाटीपाशी घोळक्याने आम्हाला गिळले. मी शर्यतीनंतर तिच्यापाशी गेले आणि गेल्या वर्षी पेटका आला नव्हता हे तिला सांगितले. ती बूट सोडत होती. ती म्हणाली, "माहीत आहे मला. पेटका आलेल्या पायावर कोणी तसा स्प्रिंट मारत नाही." म्हणजे बक्षीस घेताना विचारलेल्या त्या प्रश्नात काळजी नव्हती, आणि तिने मला खरे बोलण्याची एक संधी दिली होती, ती मी 'बरी आहे' म्हणून घालवली होती.

माझी शेवटची ज्युनिअर शर्यत पुन्हा त्याच मोकळ्या रस्त्यावर होती आणि वारा पुन्हा डावीकडून होता. वळण यायच्या दोन किलोमीटर आधी मी पुढच्या सहा जणींत जागा घेतली होती. वळण संपताच मी डाव्या टोकाला गेले आणि पूर्ण वारा अंगावर घेतला. पहिला मिनिट संपला तेव्हा मांड्या जळू लागल्या होत्या. मागे पाहिले तर आठ जणींची तिरकी ओळ तयार झाली होती आणि कडेची रांग तुटायला लागली होती. ओळीत माझ्यानंतर दुसरी तीच होती. मी ठरवले होते त्याहून वीसेक सेकंद जास्त पुढे राहिले, मग उजवे कोपर हलवले. ती आली की नाही हे बघण्यासाठी मी मान वळवली नाही, नुसती डावीकडे वाऱ्यात सरकले.

ती आली. ती माझ्या उजव्या बाजूने पुढे गेली तेव्हा माझ्या डाव्या कानात वारा घोंघावत होता आणि तिच्या बाजूला, माझ्या आडोशात, इतके शांत होते की मला तिच्या साखळीचा बारीक आवाज ऐकू आला. त्यानंतरचे अकरा किलोमीटर आम्ही आठ जणी तशाच फिरत राहिलो, कोणी टर्न चुकवला नाही. ती दुसरी आली आणि मी चौथी.